कोलशेतचं तिकीट

मे महिना आला की लोकांना आंबे आठवतात, आजोळ आठवतं, गच्चीवरची वाळवणं आठवतात. मला राग येतो. उकाड्याचा नव्हे, डोंबिवलीत वाढलेल्या बाईला उकाड्याचं काय मोठंसं! माझा राग जुना आहे. मी पन्नाशी ओलांडली तरी तो ओलांडत नाही. आणि एवढा मोठा राग पुठ्ठ्याच्या एका चौकोनी खोक्यात मावतो. खोक्यावर लाल अक्षरांत 'व्यापार' लिहिलेलं आहे.

यंदा ते खोकं माळ्यावरून खाली आलं. आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली आहे. बाबांनी पै पै साठवून घेतलेली ती दोन खोल्यांची जागा. बाबा जाऊन चार वर्षं झाली. आता तिथे माझा धाकटा भाऊ उमेश, त्याची बायको वृषाली, त्यांची मुलगी सई आणि आमची आई राहतात. मी लग्न झाल्यापासून कल्याणला. सईची आठवीची परीक्षा संपली त्या आठवड्यात उमेशचा फोन आला.

"ताई, रविवारी येऊन जा ना. माळा रिकामा करायचाय. आणि तुझी एक सही पण हवीय. पाच मिनटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम म्हणजे हक्कसोडपत्र. हा शब्द ज्यांच्या घरात अजून उच्चारला गेला नसेल त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं, किंवा त्यांच्या घरात बहीण नसावी. बाबांच्या मागे त्या जागेवर आईचा, उमेशचा आणि माझा सारखाच हक्क. पण बहिणीने तो भावाच्या नावे हसतमुखाने सोडायचा, भावाने तिला साडी घ्यायची, गोडाचं जेवण करायचं, आणि मग सगळ्यांनी म्हणायचं की बघा, आमच्यात कसं प्रेम आहे. आमच्या नात्यात एकाही बहिणीने याला नाही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आईनेही नाही म्हटलेलं नव्हतं. कोकणातल्या तिच्या माहेरच्या वाडीवरचा हक्क तिने दोन भावांसाठी सोडला, तेव्हा तिला एक निळी साडी मिळाली. पहिली दोन वर्षं आंब्याची पेटी यायची, मग तीही बंद झाली. त्या निळ्या साडीची पुढे गोधडी झाली. आम्ही व्यापाराचा पट पसरायचो तो त्याच गोधडीवर.

तो पट घरात आला तो उन्हाळा मला तासातासाने आठवतो. मी सहावीतून सातवीत गेले होते, उमेश दुसरीतून तिसरीत. माझा आतेभाऊ दिलीपदादा दहावीची परीक्षा देऊन ठाण्याहून आमच्याकडे राहायला आला, तो हे खोकं काखेत मारून. दुपारी जेवणं झाली की बाहेरच्या खोलीत फरशीवर गोधडी पडायची. पंख्याचा वारा लागला की नोटा उडायच्या म्हणून तोही बंद करायचा. मग घामाने नोटा बोटांना चिकटायच्या. गुलाबी, पिवळ्या, फिकट हिरव्या. खऱ्या नोटांना कधी आला नाही असा एक कोरा, गोडसर वास त्यांना होता. लाकडाची हिरवी घरं होती, लाल हॉटेलं होती, दोन फासे होते आणि चार सोंगट्या. खेळायला जमलेलो आम्ही पाच जण: दिलीपदादा, उमेश, शेजारच्या बिऱ्हाडातले दोन मुलगे आणि मी.

"नियमांचा कागद हरवलाय," दिलीपदादा मांडी ठोकून बसत म्हणाला, "पण मला सगळं पाठ आहे. फासे टाकायचे, जागा आली की विकत घ्यायची, दुसरा आपल्या जागेवर आला की त्याच्याकडून भाडं घ्यायचं. एका रंगाच्या सगळ्या जागा मिळाल्या की घरं बांधायची. आणि बँकवाला खेळत नाही."

"मग बँक कोण?" शेजारच्या थोरल्याने विचारलं.

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला! बँक म्हणजे सगळ्या नोटा माझ्यापुढे, सगळी तिकिटं माझ्यापुढे. जागा विकत घेतली की तिच्या नावाचं पुठ्ठ्याचं तिकीट मी द्यायचं. मी नोटांचे रंगवार गठ्ठे लावले. सुट्टे दिले, दंड घेतले, कुणाचं घर कुठे ते लक्षात ठेवलं. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आज मी खेळू?" तर दिलीपदादा म्हणाला, "अगं, तुझ्यासारखी बँक कुणाला जमत नाही." तिसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा उमेश म्हणाला, "तू बँकच बरी आहेस." चौथ्या दिवसापासून विचारलं नाही. अख्खा मे महिना मी त्या पटाच्या कडेला बसून इतरांना जागा विकल्या, आणि माझी सोंगटी एकदाही 'सुरुवात' लिहिलेल्या चौकोनावरून पुढे सरकली नाही. सरकणार कशी? मला सोंगटीच नव्हती.

पुढे मी खरोखरच बँकेत लागले, हे सांगितलं की लोक हसतात. मीही बरीच वर्षं हसले.

त्या पटावरची नावं मुंबईतली होती, आम्ही न पाहिलेल्या बड्या बड्या वस्त्यांची. एका रविवारी बाबा चहा पिता पिता वाकून बघत होते. म्हणाले, "जिथे आपल्याला कोणी दारात उभं करणार नाही तिथे बंगले कसले बांधताय रे?" आणि ते डिंकाची बाटली घेऊन बसले. वहीच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, त्यांच्या वळणदार अक्षरात नावं लिहिली आणि चौकोनांवर चिकटवली. तिकिटांवरही चिकटवली. नौपाडा आला, गोखले रोड आला, फडके रोड तर सगळ्यांत महाग ठेवला. सगळ्यांत स्वस्त तीन जागा एका रंगाच्या होत्या. त्यांना नावं दिली ठाकुर्ली, मानपाडा आणि कोलशेत. बाबा कोलशेतच्या एका कारखान्यात कामाला होते. रोज तिथून येताना कपड्यांना जो वास घेऊन यायचे, त्यावरून त्यांनी किंमत ठरवली असावी. "कोलशेतला राहायला कोण जाणार?" म्हणाले आणि सर्वांत कमी आकडा घातला.

आज त्याच कोलशेतचे फलक मी बसमधून बघते. खाडीकाठचं निवांत आयुष्य म्हणे! फलकावर एक जोडपं हातात कप घेऊन पाण्याकडे बघत उभं असतं. त्या पाण्याच्या वासाने बाबांचे डबे रोज न संपता घरी यायचे. पण बाबांनी ठरवलेल्या किमतीवर आता कोणी विश्वास ठेवणार नाही.

त्याच रविवारी बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हिच्याकडे एकही जागा कशी नाही?"

"ती बँक आहे ना, मामा," दिलीपदादा म्हणाला.

"असू दे. एक तरी द्या तिला." आणि बाबांनी गठ्ठ्यातून एक तिकीट काढून माझ्या हातात ठेवलं. कोलशेत. सोंगटी नाही, फासे नाहीत, फक्त तिकीट. कोणी तिथे आलं की भाडं मला मिळणार, आणि ते बँकेच्या गठ्ठ्यात न घालता वेगळं ठेवायचं. मी ते फ्रॉकच्या खिशात ठेवू लागले. तीन दिवस कोलशेत माझं होतं. मी तिकीट उशीखाली घेऊन झोपले, हे आज सांगताना मला जराही लाज वाटत नाही.

चौथ्या दिवशी उमेशकडे ठाकुर्ली आणि मानपाडा दोन्ही आले. घरं बांधायला त्याला तिसरी जागा हवी होती. त्याने मागितली, मी नाही म्हटलं. त्याने बदल्यात फडके रोडवरून फुकट जाऊ देईन म्हणून सांगितलं. मला सोंगटीच नाही, मी फडके रोडवरून जाणार कशी? मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्याने भोकाड पसरलं. आई आतून पिठाच्या हातांनी आली. काय झालं हे तिने विचारलंसुद्धा नाही.

"दे गं त्याला. रडवू नकोस. तुला काय करायचंय त्याचं?"

मी बाबांकडे बघितलं. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. ते खिडकीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. ज्यांनी मला ते तिकीट दिलं होतं, त्यांनी फक्त पान उलटलं! मी खिशातून कोलशेत काढून उमेशच्या पुढ्यात ठेवलं. त्याने डोळे पुसायच्या आधी हॉटेल बांधलं. त्याला त्या हॉटेलचे पैसे मोजून मीच बँकेत जमा करून घेतले.

बाबांवरचा माझा राग या एका पानाचा आहे. ते वाईट नव्हते. प्रेमळ होते, मला शिकवलं, नोकरीच्या पहिल्या दिवशी माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आले. पण बोलायच्या वेळी गप्प बसण्याची त्यांची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. जागेचं काय करायचं ते त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही, तोंडानेही सांगितलं नाही. दोन्ही मुलांना दुखवायला नको म्हणून. आणि असं कोणालाच दुखवायचं नसलं की दुखणं कोणाच्या वाट्याला येतं ते ठरलेलंच असतं.

रविवारी मी पोचले तेव्हा घरभर गाठोडी होती. आई कॉटवर बसून जुन्या भांड्यांतली ठेवायची कुठली आणि द्यायची कुठली ते निवडत होती. सईने स्टुलावर चढून माळ्यावरून खोकं खाली दिलं.

"आत्या, हे काय आहे? एकदम व्हिंटेज आहे यार! मला शिकव ना."

मी झाकण उघडलं. तो वास अजून होता, त्यात आता झुरळांच्या गोळ्यांचा वास मिसळला होता. पट दुमडीवर फाटला होता, पण बाबांच्या पट्ट्या घट्ट होत्या. एवढा डिंक त्यांनी कशासाठी लावला होता कोण जाणे. सईने वाचलं, "ठाकुर्ली, मानपाडा, कोलशेत... ए, हे तर आपलंच आहे! आणि कोलशेत एवढं स्वस्त? सिरियसली?" नोटा ठेवायचा पुठ्ठ्याचा कप्पा खोक्यात पक्का बसला होता. धूळ झटकायला म्हणून मी तो उचकटून काढला, तर खाली चार घड्या घातलेला एक पिवळा कागद होता. नियमांचा कागद. तो कधी हरवलाच नव्हता. पहिल्या दिवसापासून माझ्या नोटांच्या खाली होता.

मी तिथेच फरशीवर बसून तो वाचला. सातव्या ओळीत लिहिलं होतं की बँक सांभाळणाऱ्याला स्वतःही खेळता येईल, फक्त त्याने आपले पैसे बँकेच्या पैशांपासून वेगळे ठेवावेत.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा. अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते मला पन्नाशीत कळलं. मी दिलीपदादाला फोन लावला. तो ठाण्याला असतो, आजोबा झालाय.

"दिलीपदादा, बँकवाल्याला खेळता येतं."

"कोण बोलतंय? कसली बँक?"

मी सांगितलं. तो जोरात हसला. "अगं, माहीत होतं की मला! पण सगळ्यांत तू एकटीच अशी होतीस जी पैसे ढापणार नाही. दुसऱ्या कोणाला दिली असती तर तासाभरात बँक बुडाली असती. तू खेळायला लागली असतीस तर बँकेत लक्ष राहिलं असतं का तुझं?"

म्हणजे मी प्रामाणिक होते म्हणून मला खेळू दिलं नाही! जे ढापणार होते ते खेळले, आणि जी ढापणार नव्हती तिने त्यांचे पैसे सांभाळले. वर हे सगळं तो कौतुक म्हणून सांगत होता. मी "बरं" म्हणून फोन ठेवला, कारण पुढे बोलले असते तर त्याच्या नातवंडांनी ऐकू नये असं काहीतरी बोलले असते.

जेवायला श्रीखंड होतं. मला श्रीखंड आवडतं, पण त्या दिवशी ते कशासाठी आहे हे पहिल्याच घासाला कळलं. जेवणं झाल्यावर उमेशने टेबल पुसलं, प्लॅस्टिकच्या फाइलमधून कागद काढले आणि शेजारी साडीचा खोका ठेवला. मोरपिशी रंगाची साडी होती, काठ चांगले होते.

"ताई, रंग नाही आवडला तर बदलून घेऊ हां," वृषाली म्हणाली. तिचा दोष नाही. तिनेही तिच्या माहेरी सही केलेली आहे.

मी कागद वाचायला घेतला. उमेश म्हणाला, "वाचायचं काय त्यात, नेहमीचंच आहे. आज इथे सही करून ठेव, बुधवारी नोंदणी करून घेऊ. आई पण करतेय. वकील म्हणाला, करारावर एकच नाव असलं की बरं पडतं."

पण मी वाचला. माझं आयुष्य कागद वाचण्यात गेलं आहे. मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कसलाही मोबदला न घेता माझा हक्क कायमचा सोडत आहे, असं त्यात होतं. स्वखुशीने! मला कोणी काही विचारायच्या आत माझी खुशी टाइप होऊन आली होती.

"मी सही करणार नाही, उमेश."

वृषालीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. उमेश आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा बदलला.

"अगं, पण का? तुझं कल्याणला स्वतःचं घर आहे. भावजींची पेन्शन आहे. मुलगा तुझा सेटल झालाय. तुला काय करायचंय त्याचं?"

तेच वाक्य. शब्दाला शब्द. मला त्या क्षणी फ्रॉकचा खिसा आठवला.

"काय करायचं ते मी नंतर ठरवीन," मी म्हटलं, "आधी माझं माझ्याकडे राहू दे. कदाचित सईला देईन. कदाचित विकून काशीला जाईन. कदाचित काहीच करणार नाही. पण तुला काय करायचंय हे मी तुला कधी विचारलं? बाबा गेले तेव्हा विचारलं? कोलशेतवर हॉटेल बांधलंस तेव्हा विचारलं?"

"कोलशेत? कुठलं कोलशेत?"

त्याला आठवतच नव्हतं. सगळ्यांत जास्त राग मला याचा आला. त्याचं बरोबर आहे, ज्याला मिळालं त्याने लक्षात कशाला ठेवायचं? आई कॉटवर मान खाली घालून पितळेचं एक पातेलं पुसत होती. चकचकीत झालं तरी पुसतच होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती काय म्हणेल ते मला तोंडपाठ होतं, आणि तिने ते म्हटलं असतं तर मी सही केलीही असती.

घर असं गप्प झालं की पोरं घाबरतात. सईने गाठोड्यांमधली जागा मोकळी करून एक गोधडी पसरली होती. निळी गोधडी, आता तिच्यात मूळच्या निळ्यापेक्षा ठिगळंच जास्त होती. त्यावर पट मांडून ती म्हणाली, "बाबा, आत्या, खेळूया ना प्लीज. भांडू नका ना."

उमेशला सुटका हवीच होती. तो खाली बसला आणि सवयीने नोटांचा कप्पा माझ्याकडे सरकवला. "ताई, तू बँक घे. तुला सवय आहे."

मी कप्पा त्याच्याकडे परत सरकवला. "बँक तू. आणि खेळ पण. चालतं. लिहिलंय."

मी सोंगटी निवडली. लाल रंगाची, तिचं टोक कधीतरी उमेशनेच चावलेलं होतं. 'सुरुवात' लिहिलेल्या चौकोनावर ती ठेवली. फासे टाकले, माझी सोंगटी नौपाड्याला गेली. दुसऱ्या फेरीत गोखले रोड आला. मी दोन्ही घेतले नाहीत. सई ओरडत होती, "आत्या, घे ना, घे ना!" मी थांबून होते. तिसऱ्या फेरीत नेमके हवे तेवढे पडले. बाबांच्या अक्षरातल्या त्या स्वस्त चौकोनावर मी सोंगटी ठेवली, पैसे मोजून दिले आणि उमेशच्या हातून तिकीट घेतलं. त्याने ते देताना उलटसुलट करून पाहिलं. चिकटवलेल्या पट्टीवर अंगठा फिरवला. त्याला काहीतरी आठवलं असावं.

घर बांधायला त्या रंगाच्या आणखी दोन जागा हव्या होत्या, पण मला घाई नव्हती. पुढच्याच डावाला उमेशची सोंगटी कोलशेतला येऊन थांबली.

"भाडं!" सईने टाळी वाजवली.

उमेशने आपल्या नोटा मोजल्या आणि माझ्यापुढे धरल्या. मी मोजल्या. एक कमी होती.

"दहाचीच तर आहे, ताई. राहू दे ना."

मी हात मागे घेतला नाही. पण इतक्या वर्षांची सवय, नजर आपोआप कॉटकडे गेली. आई आता 'सोड गं' म्हणेल म्हणून मी वाट बघत राहिले. टेबलावर कागद तसाच होता, माझ्या सहीची जागा कोरी आणि तिच्या सहीचीही. आईने पातेलं बाजूला ठेवलं. गोधडीकडे बराच वेळ पाहिलं.

"उमेश," ती म्हणाली, "तिचं तिला पुरतं दे."